नाट्यगृह फक्त गाडीवाल्यांचे नाही

पिंपरी-चिंचवडमध्ये नाट्यगृहाचा विषय निघाला की वाद दोनच गोष्टींवर होतो : महापालिकेने पैसा किती घालायचा आणि गाड्या लावायच्या कुठे? चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह ही सारी महापालिकेची, म्हणजे करदात्यांची आहेत.

नाट्यगृहे तोट्यात चालतात, ही तक्रार मला पटत नाही. बाग आणि वाचनालय तरी आपण नफ्यासाठी कुठे चालवतो? वाहनतळ हवा हे खरे. रस्त्यावर लागलेल्या गाड्यांचा त्रास शेजारच्या रहिवाशांनाच होतो. पण सगळा पैसा त्यातच घातला, तर ज्याच्याकडे गाडी नाही त्याचे काय? मेट्रो २०२२ पासून धावते, पण ती चाकणला जात नाही. पहिली पाळी संपवून बायको-मुलांसह नाटकाला आलेल्या कामगाराने रात्री घरी कसे जावे?

जानेवारी २०२४ मध्ये १००वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच शहरात भरले. अध्यक्ष होते डॉ. जब्बार पटेल. आपल्याला त्याचा अभिमान वाटला. मात्र नुसत्या अभिमानाने मोहल्ल्यातली मुले-मुली रंगमंचावर पोहोचत नाहीत. त्यांना तालमीला जागा आणि परवडणारे भाडे लागते.

महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते. यंदा आपण तीन मागण्या लिहून देऊ : हौशी संस्थांना सवलतीचे भाडे, तालमीसाठी जागा आणि प्रयोग सुटल्यावर पीएमपीची बस.