गुडघा आणि तक्ता

फॅन्टसी बेसबॉलमधला संघ कागदावरचा, खेळाडू मात्र हाडामांसाचे. अमेरिकेतल्या खऱ्या सामन्यांत ते जे करतील, त्यावर आपले गुण ठरतात. बारा संघांच्या आमच्या लीगमध्ये २०२४ साली आम्ही अकरावे आलो. सारी भिस्त अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्यावर होती. २०२३ च्या हंगामात त्याने ४१ होमरन मारले होते, ७३ बेस चोरले होते. निवडीचा पहिला हक्क आम्ही त्याच्यावर खर्चला यात नवल ते काय! २६ मे २०२४ रोजी पिट्सबर्गमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि (लिहितानाही संकोच वाटतो) आम्ही प्रथम उघडला तो बदली खेळाडूंचा तक्ता.

रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ च्या बेसबॉल-कादंबरीतला हेन्री वॉ फाशांवर स्वतःची काल्पनिक लीग चालवतो. एका दानाने त्याचा लाडका तरुण पिचर मरतो आणि हेन्री कोसळतो. कधी न जन्मलेल्या माणसासाठी त्याला शोक करता आला. आम्हाला जिवंत माणसाच्या दुखापतीत केवळ संघातली रिकामी जागा दिसली. आमच्या मते हंगामातला पराभव तो. अकरावे स्थान गौण.

राहता राहिले भवितव्य. अकुन्याला देऊन टाका, असे मित्र सांगत होते. आम्ही त्याला ठेवून घेतले. २३ मे २०२५ रोजी तो परतला. होमरन आले, बेस मात्र त्याने क्वचितच चोरले. आणि त्या गुडघ्याकडे ते मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे आता वाटत नाही. पुढच्या निवडीत त्यासाठी दुसऱ्या कुणाचे तरी पाय शोधावे लागतील.