पंगतीत मधूनच उठू नये

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवताना इटरेटर फार घाईत उरकला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. क्लास, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम यांचे सोहळे होतात. इटरेटरची मात्र "यादीतली पुढची वस्तू हातात देणारा" एवढ्या एका वाक्यात बोळवण होते. उन्हाळ्यात आमच्याकडे दोह्याला विद्यार्थी येतात. पोरं हुशार असतात, मोठमोठे अल्गोरिदम तोंडपाठ असतात. पण यादीवरून फिरता फिरता तिच्यातल्याच काही वस्तू काढायला सांगा, की बहुतेक जण गडबडतात.

आता यात गडबडण्यासारखं काय आहे? लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी जिलबी घेऊन निघालाय. त्याला चेहरे ठाऊक नाहीत, फक्त आकडा ठाऊक आहे: आता चौथं पान, मग पाचवं. चौथ्या पानावरचे अण्णा मधूनच उठले आणि रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून मागची सगळी मंडळी एकेक पाट पुढे सरकली. पाचवा माणूस चौथ्या पाटावर आला. वाढपी आपला इमानेइतबारे पाचव्या पाटाकडे गेला. झालं! मधल्या माणसाच्या पानात जिलबी पडलीच नाही, आणि वाढप्याला विचाराल तर तो शपथेवर सांगेल की मी एकही पान सोडलं नाही.

जावाच्या ॲरेलिस्टमध्ये अगदी हेच होतं. एक वस्तू काढली की मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकतात. आकडा मोजत फिरणारा साधा लूप मग एक घर हुकतो.

जिलबी हुकली तर फार बिघडत नाही. पण कतारमधल्या याद्या बहुतेक वेळा माणसांच्या असतात. साइटवर जाणाऱ्या बसची यादी, कँपमधल्या खोल्यांची यादी, पगाराची यादी. 2015 पासून इथे वेज प्रोटेक्शन सिस्टीम आहे. म्हणजे कंपनीने कामगारांच्या पगाराची फाइल बँकेकडे द्यायची, पगार थेट खात्यात जमा व्हायचा आणि सरकारने त्यावर लक्ष ठेवायचं. व्यवस्था चांगली आहे. पण त्या फाइलमध्ये ज्याची ओळच नाही, त्याचं काय?

समजा एका कंपनीचा प्रोग्रॅम यादीवरून फिरतोय. माणूस नोकरी सोडून कायमचा घरी गेला असेल तर त्याला यादीतून काढायचं, नाहीतर त्याची ओळ पगाराच्या फाइलमध्ये लिहायची. दोन्ही कामं एकाच लूपमध्ये. आता घरी गेलेल्या माणसाच्या लगेच नंतर ज्याचं नाव आहे, त्याची ओळ लिहिलीच जात नाही. गुन्हा काय, तर यादीतला शेजार! गंमत म्हणजे (गंमत कसली!) पुढच्या महिन्यात त्याचा पगार अगदी व्यवस्थित होतो, कारण तो गेलेला शेजारी आता यादीतच नाही. तक्रार आल्यावर प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघणाऱ्याला काहीही सापडत नाही. "आमच्याकडे तर सगळं बरोबर दिसतंय" असं उत्तर मिळतं. तोवर त्या माणसाच्या घरी, बिहारात किंवा नेपाळात, त्या महिन्याचे पैसे पोचलेले नसतात.

इथे इटरेटरचं मोल कळतं. जावाची लिस्ट आपल्यात किती वेळा भर पडली किंवा घट झाली याचा एक आकडा ठेवते. इटरेटर निघताना तो आकडा टिपून घेतो आणि प्रत्येक पावलाला ताडून बघतो. मधल्या काळात दुसऱ्या कुणी परस्पर यादी बदलली असेल तर तो तिथेच थांबून बोंब मारतो. या बोंबेचं नाव कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन. नावामुळे वाटतं की दोन थ्रेडचं भांडण असेल. तसं काही नाही, एकटा थ्रेडसुद्धा स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेऊ शकतो. 2004 साली जावा 5 मध्ये सुटसुटीत फॉर लूप आला आणि इटरेटर पडद्याआड गेला. त्यामुळे ही बोंब नक्की कोण मारतंय हेही आता पोरांना दिसत नाही.

मग पोरं काय करतात? त्या एक्सेप्शनला ट्राय-कॅचमध्ये गुंडाळून गप्प करतात, नाहीतर इटरेटर टाकून आकड्यांच्या लूपवर येतात. बोंब थांबते, चूक तशीच राहते. माझं भांडण आहे ते इथे. ती बोंब म्हणजे त्या भाषेने आपल्यावर केलेले उपकार आहेत. पायथनची लिस्ट अशा वेळी चकार शब्द काढत नाही, मुकाट्याने एक वस्तू वगळते. सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्ये काढलेल्या वस्तूवरचा इटरेटर तसाच वापरलात तर काय होईल याची कसलीच हमी नाही. जावाची बोंबही शंभर टक्के भरवशाची नाही बरं का. फॉर लूपमध्ये शेवटून दुसरी वस्तू काढा. लूप गुपचूप संपतो आणि शेवटची वस्तू बघितलीच जात नाही. जावाचं अधिकृत माहितीपत्रकही सांगतं की ही सोय चुका पकडण्यासाठी आहे, तिच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहू नका.

खरे उपाय तीन. पहिला, जो फिरतोय त्याच्याच हातून बदल करायचा. इटरेटरची स्वतःची रिमूव्ह मेथड असते, ती वापरली की त्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक राहतं. दुसरा, फिरणं आणि काढणं वेगळं करायचं. 2014 च्या जावा 8 पासून रिमूव्हइफ आहे, अट सांगा आणि बाजूला व्हा. हे वेगवानही पडतं. दहा हजारांच्या ॲरेलिस्टमधून एक सोडून एक वस्तू सुटी सुटी काढली तर सुमारे अडीच कोटी वेळा सरकवासरकव होते. रिमूव्हइफ उरलेल्या वस्तूंना एकदाच जागेवर बसवतं. तिसरा उपाय, यादीचा फोटो काढायचा आणि त्या फोटोवरून फिरायचं. कॉपीऑनराइट ॲरेलिस्ट हेच करते.

यातला कुठला निवडायचा हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. कतारची लोकसंख्या बघा. सरकार दर महिन्याला आकडा जाहीर करतं, तो त्या महिनाअखेरीस देशाच्या हद्दीत असलेल्या माणसांचा. उन्हाळ्यात आम्ही सगळे गावी गेलो की आकडा घसरतो. हा झाला फोटो. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत वेगळी तऱ्हा होती. 9 ते 28 फेब्रुवारी घरोघरी मोजणी, पण हिशोब 1 मार्चच्या शून्य तासाचा. म्हणून 1 ते 5 मार्चला प्रगणक पुन्हा फिरले, मधल्या दिवसांतले जन्म मिळवले, मृत्यू वजा केले. म्हणजे जो मोजतोय त्याच्याच हातून दुरुस्ती. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, कारण मोजायच्या आधीच नियम ठरलेला आहे.

काही मित्र म्हणतात, यादी बदलूच नका, गाळून नवी करा, भांडण मिटलं. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण ऑब्जेक्टच्या दुनियेत एकच यादी चार जणांच्या हातात असते. तुम्ही नवी केलीत तरी बाकीचे तिघे जुनीच धरून बसतात. बसवाल्याकडे एक यादी आणि पगारवाल्याकडे दुसरी, हा गोंधळ आणखी वाईट. बरं, यातलं काहीच नवं नाही. 1994 च्या डिझाइन पॅटर्न्समध्ये त्या चौघा लेखकांनी इटरेटरच्या प्रकरणात हा धोका लिहून ठेवलाय. आपण पान उलटून पुढे जातो.

थोडक्यात काय, तर इटरेटर शिकवताना "पुढे कसं जायचं" याआधी "फिरणं चालू असताना यादीला हात लावायचा हक्क कुणाचा" हे शिकवा. आणि तुमच्या कोडमध्ये ट्राय-कॅचमध्ये गप्प केलेला असा एखादा एक्सेप्शन असेल तर तो आजच बाहेर काढा. महिनाअखेरीला सापडून फार उपयोग नसतो.