वृक्षपालांचा निर्वंश

वाचकहो, झाडाला बोलते-चालते करण्याची कल्पना आपणांस मुळीच नवी नाही. नारदाच्या शापाने कुबेराचे दोन पुत्र अर्जुनवृक्ष होऊन उभे राहिले आणि बाळकृष्णाने उखळ ओढीत नेऊन त्यांना मुक्त केले, ही भागवतातील कथा आपल्या घरांतील लहान मुलेही सांगतील. परंतु त्या कथेत झाड होणे ही शिक्षा आहे. झाडपण सुटले की कथा सुफळ संपूर्ण झाली. झाडाच्या जातीच्या जिवाला त्याची स्वतःची भाषा, राग आणि संसार असावा, आणि त्या संसाराचे पुढे काय झाले तेही लेखकाने सांगावे, असे क्वचितच घडते. इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या प्रदीर्घ अद्भुतकथेत ते घडले आहे. १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात राजे आहेत, युद्धे आहेत, जादूची अंगठी आहे. आज मात्र त्यातील एका लहानशा जमातीकडेच आपले लक्ष वेधावयाचे आहे.

दुसऱ्या खंडात, शत्रूच्या तावडीतून निसटलेले दोन ठेंगू वीर फँगॉर्न नावाच्या प्राचीन अरण्यात शिरतात. तेथे ज्याला ते वठलेले खोड समजतात, ते खोडच त्यांना उचलून घेते. हा ट्रीबिअर्ड. उंची चौदा फूट, पायांना सात-सात बोटे, दाढी शेवाळलेल्या डहाळ्यांसारखी आणि डोळे खोल विहिरीसारखे. त्याच्या जमातीचे नाव एंट. जुन्या इंग्रजी भाषेत या शब्दाचा अर्थ राक्षस किंवा महाकाय पुरुष असा होता. टोल्किन त्या भाषेचे प्राध्यापकच होते, तेव्हा शब्द आधी आला आणि प्राणी मागाहून, असे म्हणण्यास हरकत नाही.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. एंट म्हणजे झाड नव्हे. मेंढपाळ जसा मेंढरांचा, तसा एंट हा झाडांचा राखणदार. पण कळपाच्या सहवासाने मेंढपाळाच्या अंगी मेंढराचे गुण यावेत, तसे येथेही होते. काही झाडे हळूहळू जागी होतात आणि काही एंट हळूहळू झोपी जातात. ट्रीबिअर्डचा एक समवयस्क उन्हाळाभर उभ्या उभ्या पेंगत असतो, आणि त्याच्या गुडघ्यांभोवती गवत माजलेले असते. वध नाही, शाप नाही, केवळ विसर पडत जाणे. म्हातारपणाचे इतके शांत आणि इतके भयंकर चित्र मला तरी दुसऱ्या अद्भुतकथेत आढळले नाही.

या जमातीच्या जन्माची हकीकत मोठी मौजेची आहे. ‘मॅक्बेथ’ नाटक पुष्कळांच्या परिचयाचे असेल, शि. म. परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने ते मराठीत आणले. बर्नमचे अरण्य टेकडीवर चालून आल्याखेरीज मॅक्बेथचा पराभव नाही, असे त्यात भाकीत आहे. प्रत्यक्षात सैनिक फांद्या तोडून हाती धरतात, एवढेच. शाळकरी टोल्किनची यामुळे घोर निराशा झाली. अरण्य चालणार म्हणजे खरोखरच चालले पाहिजे, ही ती तक्रार. तिचे निवारण त्यांनी पुढे स्वतःच केले. सारुमान नावाचा मांत्रिक आपल्या भट्ट्यांसाठी फँगॉर्नच्या कडेची झाडे तोडीत सुटतो, पुष्कळशी तर नुसतीच पाडून कुजत ठेवतो. एंटांची सभा भरते. साधे नाव उच्चारावयासही ज्यांना फार वेळ लागतो, त्यांची सभा तीन दिवस चालावी यात नवल नाही. तिसऱ्या दिवशी ते निघतात, सारुमानच्या गडाचे तट हातांनी फोडतात आणि नदीचे पाणी आत सोडतात. २००२ सालच्या चित्रपटात सभा आधी नकार देते आणि तोडलेली झाडे दिसल्यावर एंट खवळतात, असा बदल केलेला आहे. तो दृश्यास उपकारक असेल. पण तीन दिवस विचार करून घेतलेल्या निर्णयाचा भारदस्तपणा त्यात हरवला, असे माझे मत आहे.

टोल्किन यांचे स्नेही सी. एस. लुइस यांच्या ‘द लास्ट बॅटल’ (१९५६) या पुस्तकात एक वनदेवता राजापुढे धावत येते आणि तिकडे दूर तिचा बीच वृक्ष पडताच इकडे कोसळून मरते. प्रसंग करुण आहे, पण त्यात मारणारी कुऱ्हाड उघड दिसते. एंटांचा घात कशाने झाला, हे इतक्या सरळपणे दाखविता येत नाही.

कारण एंटांना स्त्रियाही होत्या. एंटांना आवडत ती महावृक्षांची रानवट अरण्ये. जे फळ आपोआप गळून पडेल तेवढे ते खात. स्त्रियांना आवडत ती लहान झाडे, कुरणे, पिकणारे धान्य. लावले तेथे रोपाने वाढावे, सांगितले तसे फळावे, अशी त्यांची इच्छा. भांडण झाले नाही. एंट भटकत राहिले, स्त्रियांनी महानदीपलीकडे बागा केल्या आणि माणसांनी त्यांच्यापासून शेतीची विद्या घेतली. पुढे बऱ्याच काळाने ट्रीबिअर्डला आपल्या प्रियेला भेटण्याची ओढ लागली. तो गेला तेव्हा त्या भूमीवरून युद्ध गेले होते. सारे करपून तपकिरी झालेले. वाटेवर भेटणाऱ्यांपैकी कोणी म्हणे त्या पश्चिमेस गेल्या, कोणी म्हणे पूर्वेस, कोणी दक्षिणेस.

ही सारी हकीकत आपण ट्रीबिअर्डच्या तोंडून ऐकतो. उन्हातान्हात राबून त्या वाकल्या होत्या, त्यांचे केस पिकल्या धान्याच्या रंगाचे झाले होते, हे तो प्रेमाने सांगतो. पण इतकी वर्षे तो कोठे होता, हा प्रश्न ऐकणारे दोघे विचारीत नाहीत, आणि एकाही एंटस्त्रीला ग्रंथात बोलावयास मिळत नाही. घर सांभाळणाऱ्या कोणाही वाचकाला तो प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही.

युद्ध संपते, सत्पक्षाचा जय होतो. नवा राजा ॲरागॉर्न सारुमानच्या गडाभोवतालची सारी दरी एंटांना देतो. अरण्ये हवी तेवढी पसरावीत, असे म्हणतो. त्यावर ट्रीबिअर्डचे उत्तर असे की, अरण्ये वाढतील, पण एंट वाढणार नाहीत, कारण आमच्यात लहान मुलेच नाहीत. पूर्वेकडचे मुलूख आता मोकळे झाले आहेत, तुझ्या शोधाला यश येईल, असे राजा सुचवितो. म्हातारा मान हलवितो. फार लांब आहे, आणि तिकडे आता माणसे फार झाली. जिंकून मिळालेली जमीन निर्वंश झालेल्याच्या पदरात पडते.

टोल्किन यांना वाचक याविषयी विचारीत. त्या स्त्रिया आपल्या बागांबरोबरच कायमच्या नष्ट झाल्या असाव्यात, असे त्यांनी १९५४ सालच्या एका पत्रात लिहिले. तथापि ग्रंथात एक दुवा त्यांनी तसाच राहू दिला आहे. पहिल्या खंडाच्या आरंभी, ठेंगूंच्या गावातील एका पथिकाश्रमात सॅम नावाचा माळी सांगतो की, त्याच्या भावकीतील एकाने उत्तरेच्या माळावर एल्मच्या झाडाएवढे काहीतरी चालताना पाहिले. ऐकणारे हसतात. पुढे ट्रीबिअर्ड त्या दोघा वीरांना म्हणतो, तुमचा मुलूख आमच्या स्त्रियांना आवडला असता. काही कळले तर निरोप पाठवा. सॅम तेव्हा तेथे नसतो, आणि पथिकाश्रमातील ती गोष्ट ग्रंथभर पुन्हा कोणी काढीत नाही.