परग्रहावरच्या लढाया पृथ्वीवरच झाल्या

विज्ञानपटांच्या चाहत्यांची हल्ली एक तक्रार असते. अवकाशयानांच्या आणि परग्रहवासीयांच्या गोष्टींत उगाच राजकारण आणलं जातं, पूर्वी असं नव्हतं. तक्रार मनापासूनची आहे, पण इतिहासासमोर ती टिकत नाही. भविष्यातल्या युद्धाची कथा लोकप्रिय झाली, तीच मुळी एका लष्करी अधिकाऱ्याला आपल्या सरकारला जाब विचारायचा होता म्हणून.

हा अधिकारी जॉर्ज चेस्नी. बंगाल इंजिनिअर्समधला, १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला, पुढे हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी अभियंते घडवणारं कूपर्स हिलचं कॉलेज उभं करणारा. १८७०-७१च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पाडाव केला आणि इंग्लंडच्या लष्करी तयारीची त्याला काळजी वाटू लागली. त्याने गोष्ट लिहिली. मे १८७१च्या ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात ती ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ या नावाने निनावी छापून आली. एक म्हातारा नातवंडांना सांगतो आहे : शत्रू इंग्लंडच्या किनाऱ्यावर कसा उतरला, आरमार कसं बुडालं आणि सरे परगण्यातल्या डॉर्किंगपाशी स्वयंसेवकांची कच्ची फौज कशी उधळली गेली. गोष्ट एवढी गाजली की त्याच वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना जाहीर भाषणात या भीतीविरुद्ध बोलावं लागलं.

सत्तावीस वर्षांनी, १८९८मध्ये, एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ पुस्तकरूपाने आली. मंगळावरचं पहिलं यान उतरतं तेही सरेमध्येच, वोकिंगजवळच्या हॉर्सेल माळरानावर. पण वेल्सचा रोख चेस्नीच्या अगदी उलट दिशेला. टास्मानियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांचा काही दशकांत जो संहार केला, त्याबद्दल भाऊ फ्रँकशी बोलताना ही कल्पना निघाली, असं वेल्सने स्वतः नोंदवलं आहे. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात टास्मानियाचा उल्लेख येतो. आपल्यापेक्षा वरचढ शस्त्र घेऊन परका दारात उभा राहिला तर काय होतं, हे वेल्स लंडनकरांना त्यांच्याच अंगणात दाखवत होता. टास्मानियाचा इतिहास ठाऊक नसलेल्या वाचकाला या कादंबरीत फक्त तीन पायांची यंत्रं दिसतात.

कथानक कितीही पुढच्या शतकात घडो, विज्ञानकथेतल्या युद्धामागे होऊन गेलेलं एखादं खरं युद्ध असतं. ते कोणतं, हे कळल्याशिवाय पुस्तक किंवा चित्रपट समजला असं म्हणता येत नाही. हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते दोन कादंबऱ्या आणि एका चित्रपटात. तिन्हींचाही विषय एकच आहे : माणसांचे तरुण सैनिक दूरच्या ग्रहांवर परग्रहवासीयांशी लढायला जातात.

पहिली कादंबरी रॉबर्ट हाइनलाइनची. हाइनलाइन १९२९ साली अमेरिकेच्या नौदल अकादमीतून पदवी घेऊन बाहेर पडला, विमानवाहू ‘लेक्सिंग्टन’वर त्याने काम केलं आणि १९३४मध्ये क्षयामुळे त्याला सेवा सोडावी लागली. दुसऱ्या महायुद्धात तो फिलाडेल्फियातल्या नौदलाच्या प्रयोगशाळेत मुलकी अभियंता होता. गणवेशाबद्दलचा जिव्हाळा आयुष्यभर राहिला, रणांगण मात्र वाट्याला आलं नाही. १९५८मध्ये अमेरिकेने अणुचाचण्या एकतर्फी थांबवाव्यात अशी मोहीम सुरू झाली, तेव्हा तो संतापला. पत्नी व्हर्जिनियाबरोबर त्याने वर्तमानपत्रात त्याविरुद्ध जाहिरात दिली, हातातली दुसरी कादंबरी बाजूला ठेवली आणि ‘स्टारशिप ट्रूपर्स’ लिहून काढली. नेहमीच्या प्रकाशकाने ती नाकारली. १९५९मध्ये ती दुसरीकडून आली आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या कादंबरीतल्या राज्यात मतदानाचा हक्क फक्त राष्ट्रसेवा पूर्ण केलेल्यांना आहे. सेवेत असेपर्यंत सैनिकालाही मत नाही. शाळेत ‘इतिहास आणि नीतितत्त्वज्ञान’ असा विषय आहे आणि तो निवृत्त सैनिकच शिकवतो. हाइनलाइनवर फॅसिस्ट असल्याचा शिक्का मारणारे त्याच्यावर अन्याय करतात, कारण सेवेचा दरवाजा त्याने स्त्री, पुरुष, अपंग अशा सर्वांना उघडा ठेवला आहे. नायक हुआन रिकोची मातृभाषा तागालोग आहे, म्हणजे तो फिलिपिनो आहे, हे तर वाचकाला अगदी शेवटी कळतं. १९५९च्या अमेरिकेत, दक्षिणेकडे कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेचं दार बंद होतं तेव्हा, हे लिहायला धैर्य लागत होतं. प्रशिक्षण छावणीची प्रकरणं आजही जिवंत वाटतात. अमेरिकी मरीन दलाच्या वाचनयादीत ही कादंबरी उगाच आली नाही. सैनिकाला बळ देणारा यांत्रिक पोशाख तिनेच रुजवला, आणि २०१३मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांनी ‘टॅलोस’ नावाने तसाच पोशाख बनवायला घेतला. २०१९पर्यंत तो पूर्ण झाला नाही.

तरीही कादंबरीत एक मोठी खोट आहे. वर्गातल्या प्रत्येक वादात शिक्षकच जिंकतो. शत्रू म्हणून हाइनलाइनने महाकाय कीटक निवडले. त्यांच्याशी बोलणी होऊ शकत नाहीत, त्यांना घरं-मुलं आहेत असं वाटत नाही, त्यामुळे हे युद्ध करायला हवं होतं का, हा प्रश्न कुणाच्या तोंडी येतच नाही. १९४५च्या विजयाचा आणि शीतयुद्धाच्या धास्तीचा हा लेखक होता. युद्ध चुकीचं असू शकतं, ही शक्यता त्याने कथेच्या बांधणीतच बंद करून टाकली.

ती शक्यता ज्याने उघडली, तो जो हॉल्डमन. १९४३चा जन्म, मेरीलँड विद्यापीठातून भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राची पदवी, आणि १९६७मध्ये सक्तीच्या भरतीचा कागद हातात. व्हिएतनाममध्ये तो सुरुंग आणि स्फोटकं हाताळणाऱ्या तुकडीत होता. १९६८मध्ये स्फोटात तो गंभीर जखमी झाला. त्याच साली ‘गॅलेक्सी’ या विज्ञानकथा मासिकाच्या जून अंकात दोन जाहिराती छापल्या गेल्या. एकीत व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा देणाऱ्या लेखकांची नावं, दुसरीत विरोध करणाऱ्यांची. पाठिंब्याच्या यादीत हाइनलाइन, पॉल अँडरसन, लॅरी निव्हन. विरोधात आयझॅक असिमोव्ह, रे ब्रॅडबरी, उर्सुला ल गिन, फिलिप के. डिक. विज्ञानकथेत राजकारण नव्हतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही पानं जरूर पाहावीत.

हॉल्डमनची ‘द फॉरएव्हर वॉर’ १९७४मध्ये पुस्तकरूपाने आली आणि तिने ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळवले. नायक विल्यम मँडेला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, सक्तीने भरती झालेला. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करणाऱ्याचं घड्याळ मंद चालतं, हा आइनस्टाइनचा निष्कर्ष हॉल्डमनने सैनिकाच्या नशिबाला जोडला. पहिल्या मोहिमेहून मँडेला परततो तेव्हा त्याचं वय दोनेक वर्षांनी वाढलेलं असतं, पृथ्वीवर मात्र पाव शतकाहून जास्त काळ उलटलेला असतो. आई म्हातारी झालेली, पैशाचे व्यवहार बदललेले, नोकऱ्या नाहीत, रस्त्यावर फिरणं धोक्याचं. तो वैतागून पुन्हा फौजेत जातो. व्हिएतनामहून परतलेल्या हजारो तरुणांना आपलंच गाव परकं वाटलं, ही गोष्ट वृत्तपत्रांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी सांगितली होतीच. पण सापेक्षतेच्या सिद्धांतातून ती सांगताना हॉल्डमनने जे साधलं, ते वास्तववादी कादंबरीला साधलं नसतं. विज्ञानकथेचं खरं सामर्थ्य इथे आहे.

आणि युद्धाचं कारण? कादंबरीत वसाहतींकडे निघालेली यानं नाहीशी होतात, ती टौरन नावाच्या परग्रहवासीयांनी उडवली असं गृहीत धरलं जातं आणि ११४३ वर्षांचं युद्ध सुरू होतं. शेवटी कळतं की ते एका गैरसमजावर उभं होतं. इथे लष्करी इतिहास जवळ असायला हवा. ४ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या विनाशिकांवर उत्तर व्हिएतनामने दुसऱ्यांदा हल्ला केल्याचं अमेरिकी सरकारने जाहीर केलं. तीनच दिवसांत काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना युद्धाची मोकळीक देणारा ठराव केला. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराचा तसा निष्कर्ष २००५मध्ये खुला करण्यात आला, पण शंका १९६८पासून उघडपणे घेतल्या जात होत्या आणि हॉल्डमनच्या वाचकांना त्या ठाऊक होत्या. हा संदर्भ काढून घेतला तर कादंबरीचा शेवट लेखकाची क्लृप्ती वाटतो. संदर्भासह वाचला तर तो आरोपपत्र ठरतो.

मग १९९७मध्ये पॉल व्हरहोवेनने ‘स्टारशिप ट्रूपर्स’वर चित्रपट काढला. मूळ कादंबरीची दोनेक प्रकरणं वाचून आपण ती सोडून दिली, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. ही त्याची चूकच. ज्या पुस्तकाचा प्रतिवाद करायचा ते पूर्ण वाचण्याचं कर्तव्य कलावंतालाही चुकत नाही. त्यामुळे चित्रपटात फिलिपिनो रिको गोरागोमटा झाला, यांत्रिक पोशाख गेला आणि हाइनलाइनच्या युक्तिवादातला गुंता सपाट झाला. पण व्हरहोवेनकडे स्वतःचं युद्ध होतं. १९३८मध्ये जन्मलेला हा डच मुलगा जर्मनव्याप्त हेगमध्ये वाढला. जर्मन तिथूनच लंडनवर व्ही-२ रॉकेटं सोडत होते. ३ मार्च १९४५ रोजी ती ठाणी उडवायला आलेल्या ब्रिटिश विमानांनी चुकून बेझाउडेनहाउट या वस्तीवर बॉम्ब टाकले आणि पाचशेहून अधिक नागरिक मेले. ते मुक्त करायला येणाऱ्या मित्राच्या बॉम्बनी मेले. असं शहर पाहिलेल्या माणसाला प्रचारपटांची चमक फसवू शकत नाही.

म्हणून चित्रपटाची सुरुवात भरतीच्या जाहिरातीने होते, आणि तिची दृश्यं लेनी रीफेनश्टालच्या ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ या नाझी प्रचारपटावर बेतलेली आहेत. देखणे चेहरे, स्वच्छ गणवेश, अधूनमधून येणाऱ्या उत्साही बातम्या, आणि शेवटी नायकाचा मित्र गेस्टापोची आठवण करून देणारा लांब काळा कोट घालून येतो. प्रदर्शनाच्या वेळी अनेक अमेरिकी समीक्षकांनी चित्रपटालाच फॅसिस्ट ठरवलं. ज्यांनी १९३५चा जर्मन प्रचारपट पाहिला नव्हता किंवा तो आठवला नाही, त्यांनी अनुकरण पाहिलं आणि समर्थन समजलं. प्रेक्षकाला नायकाच्या बाजूने ओरडायला लावून मग त्याचा गणवेश दाखवणं, हे दिग्दर्शकाचं काम त्याने चोख केलं आहे. पुस्तकावर अन्याय करूनही हा चित्रपट मोठा आहे.

‘स्टार वॉर्स’बद्दल मात्र थोडी कठोर गोष्ट बोलायला हवी. जॉर्ज लुकासच्या मनात व्हिएतनाम होतं आणि साम्राज्य म्हणजे अमेरिका, हे त्याने पुढे सांगितलं. पण १९७७च्या चित्रपटातला शेवटचा हल्ला घडवला गेला तो दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘द डॅम बस्टर्स’ (१९५५) आणि ‘६३३ स्क्वाड्रन’ (१९६४) या ब्रिटिश युद्धपटांवरून. ‘द डॅम बस्टर्स’मागची घटना खरी आहे : १६-१७ मे १९४३च्या रात्री १९ ब्रिटिश लँकॅस्टर विमानांनी जर्मनीतल्या धरणांवर हल्ला केला. ८ विमानं पडली, १३३पैकी ५३ वैमानिक आणि सहकारी मेले. त्यांचं शौर्य पडद्यावर आलं. फुटलेल्या धरणांखाली १३००हून अधिक माणसं बुडाली आणि त्यांत सोव्हिएत प्रदेशांतून वेठबिगारीला आणलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. त्या १९५५मध्येही कुठे दिसल्या नाहीत आणि १९७७मध्येही नाहीत. स्फोट झाला की टाळ्या पडतात. आतल्या माणसांची मोजदाद करण्याचं काम लष्करी इतिहासाचं आहे, आणि ते केल्याशिवाय युद्धपट पाहणं अपुरं आहे.

राजकारण्यांना या गोष्टींची ताकद समीक्षकांआधी कळली. जेरी पोर्नेल आणि निव्हन यांच्यासारखे विज्ञानकथालेखक अमेरिकेच्या अवकाश धोरणावर सल्ला देणारी परिषद चालवत होते आणि हाइनलाइनही तिच्याशी जोडलेला होता. २३ मार्च १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अवकाशातून क्षेपणास्त्रं अडवण्याची योजना जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी तिला ‘स्टार वॉर्स’चं नाव चिकटवलं. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कने योजनेला विरोध केला, त्यावरून त्याचे आणि हाइनलाइनचे संबंध बिघडले.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, मराठे जिंकले आणि इंग्रज मुंबईपुरते उरले. एका गोळीचा मार्ग किंचित बदलला तर काय, हा प्रश्न नारळीकरांनी पुंजयामिकीच्या आधारे विचारला. पानिपतावर आपल्याकडे बखरी आहेत, शेजवलकरांचा अभ्यास आहे, विश्वास पाटलांची कादंबरी आहे. एका खगोलशास्त्रज्ञाने त्यात चौथी वाट काढली, आणि त्या वाटेने पुढे फारसं कुणी गेलं नाही, ही खंत आहे. नव्या मराठी विज्ञानकथालेखकांकडे १७६१ आहे, १८१८ आहे, १९६२ आहे. त्यांनी हे विषय हाती घ्यावेत.

वाचकांनी दरम्यान एवढं करावं. व्हरहोवेनचा चित्रपट पाहिला असेल, तर आधी हाइनलाइन पूर्ण वाचावा, मग टोंकिनच्या आखातावरचं एखादं विश्वासार्ह इतिहासाचं पुस्तक, मग हॉल्डमन. त्यानंतर चित्रपट पुन्हा पाहावा.