उन्हाळी कामावरची ओळख

मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपली की मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी मुला-मुलींचा एक नवा वर्ग पेठेत दिसू लागतो. लग्नसराईत कापड दुकानांत बस्ते बांधले जात असतात, मंडपवाल्यांना आणि आचाऱ्यांना हात कमी पडतात. बालाघाटाच्या डोंगराळ भागातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी जूनमधल्या वह्या-पुस्तकांचा खर्च अशाच कामांतून निघतो. चौदा वर्षांवरील मुलांनी धोक्याचे नसलेले काम करण्यास 2016च्या सुधारित कायद्याची मनाई नाही. कष्टाने मिळालेला पहिला पगार आईच्या हाती ठेवणे हा तर संस्कारच आहे.

शाळेत वेगवेगळ्या बाकांवर बसणारी मुले-मुली येथे प्रथमच दिवसभर एकत्र वावरतात. साड्यांच्या घड्या घालता घालता ओळख होते, डबा वाटून खाल्ला जातो, आणि एखाद्या ओळखीला त्या वयाचा हळवा रंग चढतो. यात नवल ते काय? नवल वाटावे ते यानंतर घरांत जे घडते त्याचे. चार लोकांत कुजबुज होताच मुलाला दोन थपडा बसतात आणि प्रकरण मिटते. मुलीचे मात्र काम सुटते, मोबाइल जातो आणि आठवडाभरात ‘स्थळ’ पाहिले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झाला होता. त्यामागे दारिद्र्य आहे, स्थलांतर आहे. पण ‘नाव खराब होईल’ ही धास्तीही आहे.

अब्रू वाचविण्यासाठी लावलेले हे लग्नच गुन्हा ठरते, याचा विचार कोणी करीत नाही. 2006च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यान्वये असा विवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये स्पष्ट केले की अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच होय. दुसऱ्या बाजूस, 2012च्या पोक्सो कायद्यापुढे अल्पवयीन मुलीच्या संमतीला अर्थ नाही. म्हणून घाबरून पळून गेलेल्या जोडप्यातील मुलगा आरोपी होतो. ‘सैराट’मधील (2016) जोडपे हैदराबादला पोहोचते. मुखेडच्या मुलांना तो रस्ता पडद्यावर पाहण्याची गरज नाही. मजुरीसाठी हैदराबादेस गेलेले कोणी ना कोणी त्यांच्या गावात असतेच.

मर्यादा शिकवाव्यात, अवश्य शिकवाव्यात. पण ज्या घरात मुलीला ‘आई, तो मुलगा मला आवडतो’ एवढे बोलता येते, त्या घरातील मुलीवर पळून जाण्याची पाळी सहसा येत नाही. आजी-आत्यांनी भरलेल्या जुन्या घरात असे बोलायला कोणीतरी असे; आज ती जागा रिकामी आहे. शिक्षक, शाखेतील ज्येष्ठ, शेजारच्या काकू यांनी ती भरावी. स्थळ पाहण्याची घाई दिसताच बापाशी बोलावे, न ऐकल्यास 1098 या क्रमांकावर कळवावे. हे कळविणे त्या घराशी वैर नव्हे.

2025पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होऊ लागले आहेत. अर्ज भरण्याचे दिवस आणि मुहूर्ताचे दिवस जवळजवळ एकच येतात. यंदा वस्तीतील दहावी झालेल्या प्रत्येक मुलीचा अर्ज भरला गेला की नाही, एवढे कार्यकर्त्याने दारोदार जाऊन विचारावे.