समाजशास्त्रातले परके निकाल

समाजशास्त्राचा विद्यार्थी कॉम्त, मार्क्स, दुर्खीम, वेबर यांच्यापासून आरंभ करतो. त्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो या मंडळींनी हिंदू समाजाविषयी दिलेल्या निकालांचा. मॅक्स वेबर कधीही भारतात आला नाही. खानेसुमारीचे अहवाल आणि अनुवादित ग्रंथ यांच्या आधारे त्याने १९१६-१७ मध्ये हिंदू धर्मावर प्रबंध लिहिला. कर्मसिद्धान्त व जातिव्यवस्था यांमुळे येथे आधुनिक भांडवलशाही स्वबळावर उपजली नाही, असे ठरविले. इंग्रजी राजवटीत देशोधडीला लागलेला विणकर या मांडणीत गौण ठरतो. मार्क्सने १८५३ मध्ये निदान त्याची दखल घेतली. पण तोही इंग्रजांना इतिहासाचे अजाण साधन मानून मोकळा झाला!

मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे अभ्यासक. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जातीच्या दोषांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. महादेव कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. व्हेरियर एल्विन वनवासींना बाह्य संपर्कापासून जपू पाहत होते, तेव्हा ही मंडळी मागासलेले हिंदूच होत, असे घुर्ये यांनी १९४३ मध्ये ठामपणे मांडले. तो वाद आजही शमलेला नाही. आमच्या पदवीधरांपाशी मात्र वेबर मुखोद्गत आणि घुर्ये टिपणापुरते!