कप्तानाने पायलटला जे सांगितलं नाही

७ नोव्हेंबर २००७. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर दाट धुकं होतं. ओकलंड बंदरातून ‘कॉस्को बुसान’ हे कंटेनर जहाज निघालं, तेव्हा ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षात, चिनी कप्तान, त्याचे चिनी अधिकारी आणि एक अमेरिकन पायलट होता. बंदरातल्या वाटा ठाऊक असलेला हा स्थानिक माणूस जहाज बाहेर काढून देतो. जहाजाची जबाबदारी मात्र कप्तानाचीच राहते. इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल त्रिकोणांकडे बोट दाखवून पायलटने विचारलं, हे काय? कप्तान म्हणाला, वाटेतल्या पुलाचा मध्य. प्रत्यक्षात त्या पुलाच्या मनोऱ्याजवळच्या बोयांच्या खुणा होत्या. जहाज मनोऱ्याच्या पायथ्याला घासलं, बाजू फाटली आणि सुमारे २ लाख लिटर इंधन खाडीत सांडलं.

चौकशीत पायलट घेत असलेल्या औषधांचा त्याच्या निर्णयशक्तीवर झालेला परिणाम पुढे आला. त्याच्या जोडीने चौकशी मंडळाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं: निघण्यापूर्वी कप्तान आणि पायलट यांच्यात नीट चर्चाच झाली नव्हती, आणि वाटेतही संवाद तुटक राहिला. ब्रिजवरच्या ध्वनिमुद्रणात तर चिनी भाषेतलं आपसातलं बोलणंही सापडलं. अशा धुक्यात अमेरिकन जहाजं निघाली नसती, अशा अर्थाचं.

म्हणजे शंका होती. ती बोलूनही दाखवली गेली, पण ज्याच्या कानावर जायला हवी होती त्याच्यापर्यंत पोचली नाही.

अशा वेळी दोष बहुधा इंग्रजीवर टाकला जातो. भाषेमुळे माणसं मरतात, हे खरंच आहे. एप्रिल १९९० मध्ये ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या फेरीबोटीला आग लागून १५९ जण गेले. नव्याने जमवलेल्या ताफ्यातल्या अनेकांना एकमेकांचं आणि प्रवाशांचं बोलणं समजत नव्हतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांसाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. त्यात बोलण्याआधीच सांगता येतं की पुढे येतोय तो इशारा आहे, विनंती आहे की प्रश्न. हे काम मोलाचंच. पण परक्या बंदरात, परक्या तज्ज्ञासमोर, ‘तुमचा निर्णय मला पटत नाही’ हे वाक्य तोंडातून निघायला व्याकरण पुरत नाही. वरिष्ठाला चारचौघांत टोकणं हा जिथे उद्धटपणा मानतात, तिथल्या माणसाला शब्द येत असूनही घसा कोरडा पडतो.

हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांना परकं नाही. ‘मुलगा बोटीवर आहे’ असं जिथे सहज सांगतात, तिथला तो मुलगा ग्रीक कप्तान, युक्रेनियन चीफ इंजिनीअर आणि फिलिपिनो खलाशी यांच्यात महिनोन्‌महिने काढतो. लहानपणापासून मोठ्यांपुढे बोलू नये हे ऐकलेलं, आणि पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर पुढच्या कॉन्ट्रॅक्टची धाकधूक. तो गप्प बसला तर नवल नाही.

म्हणून पहिली जबाबदारी वरिष्ठाची. पायलटने जहाजावर चढताच आपला बेत सांगावा आणि कप्तानाला विचारावं, ‘कुठे अडचण दिसते?’ कप्तानाने तेच सेकंड ऑफिसरला विचारावं. नुसतं ‘येस सर’ ऐकून समाधान मानू नये. काय समजलं ते त्याच्या तोंडून वदवून घ्यावं.

वेळीच बोललेल्या शब्दाचं मोल २६ मार्च २०२४ च्या रात्री बाल्टिमोरमध्ये दिसलं. पुलाकडे निघालेल्या ‘डाली’ जहाजाची वीज गेली. ताफा बहुतांशी भारतीय, पायलट अमेरिकन. पायलटांचा इशारा काही क्षणांत किनाऱ्यावर पोचला आणि पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली. जहाज आदळून पूल कोसळला, रस्तादुरुस्तीवरचे सहा कामगार गेले, पण वाहनांची वर्दळ तेव्हा पुलावर नव्हती.

खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनंतर अधिकाऱ्यांना नेतृत्व आणि सांघिक कामाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. ते प्रमाणपत्रापुरतं उरू नये. मुंबईतल्या सिम्युलेटरवर कधी तरी कप्तानाला मुद्दाम चुकीचा हुकूम द्यायला सांगावं. कॅडेट टोकतो का, याला गुण असावेत. आणि कप्तानपदाच्या उमेदवाराने कॅडेटचं मत विचारलं का, याला त्याहून जास्त.